दोन विहिरी आणि गाठींचा दोर

(सामुदायिक रेडिओवर झालेलं हे भाषण वाचक मैत्रिणींसाठी देत आहोत. वक्त्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात.)

जेवणं आटोपली असतील, भांडी घासून झाली असतील, कुणाची व्हायची असतील. हात चालू द्या, कान तेवढा इकडे द्या.

माझं माहेर जत तालुक्यातलं, सांगली जिल्हा. सासर माण तालुक्यातलं, सातारा जिल्हा. म्हणजे एका दुष्काळातून उठून दुसऱ्या दुष्काळात नांदायला आले. दोन्हीकडे पाण्याची टंचाई, पण रात्रीच्या चांदण्यांची कधी टंचाई नाही. म्हणून आज आभाळाबद्दल बोलणार आहे. पण सुरुवात एका मुलीच्या प्रश्नापासून करते.

दहावीच्या वर्गात मी सांगत होते की, अंगात येणं, करणी, पाणाड्याचा नारळ, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका, पुरावा मागा. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणता जे दिसत नाही ते मानायचं नाही. मग मागच्या आठवड्यात डार्क मॅटर आणि डार्क एनर्जी सांगितलंत, ते तरी कुणी बघितलंय? आणि ती दोन एकमेकांशी काही करत असतील असं शास्त्रज्ञ शोधतायत म्हणालात. न दिसणाऱ्या दोन गोष्टी एकमेकींशी काय करतात हे कसं कळणार? आमच्याकडं पाणाड्या येणार आहे रविवारी. तो पण जमिनीखालचं न दिसणारंच सांगतो की."

वर्ग हसला. मी हसले नाही. तिच्या घरी बोअर मारायचं चाललंय, कर्ज काढून. तिचा प्रश्न खरा होता आणि त्याला दोन वाक्यांत उत्तर नव्हतं. ते उत्तर आज सगळ्यांसमोर देते.

आधी डार्क मॅटर म्हणजे काय ते बघू. मराठीत त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. नाव कृष्ण असलं तरी ते काळं नाही. ते प्रकाश देत नाही, अडवत नाही, परतवतही नाही. मग ते आहे हे कशावरून?

कार्तिक-मार्गशीर्षात अवसेच्या आसपास, रात्री आठ-नऊच्या सुमाराला अंगणात उभ्या राहा. डोक्यावरून जरा उत्तरेला, एक पुसटसा धुराचा ठिपका दिसेल. ते देवयानी तारकाविश्व, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एक जथा. तिथून निघालेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरायला सुमारे २५ लाख वर्षं लागतात. साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यात दूरच्या गोष्टींपैकी ती एक.

अमेरिकेतल्या व्हेरा रुबिन या खगोलशास्त्रज्ञ बाईंनी केंट फोर्ड यांच्याबरोबर ह्याच देवयानीतल्या ताऱ्यांचे वेग मोजले आणि १९७० साली ते प्रसिद्ध केले. रुबिन चार मुलांची आई. कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीवर बायकांना रीतसर काम करू देत नसत, तिथं बायकांसाठी स्वच्छतागृह नाही हे एक कारण सांगत. १९६५ साली तिथं रीतसर परवानगी मिळालेल्या त्या पहिल्या बाई. आपल्याकडं शाळेत स्वच्छतागृह नाही म्हणून किती मुलींची शाळा सुटली, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर त्यांना काय सापडलं? आपल्या सूर्याभोवती बघा. जवळचा बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर पळतो. आपली पृथ्वी ३०. सगळ्यात लांबचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. जितकं लांब तितकी ओढ कमी, तितकी चाल मंद. देवयानीतही कडेचे तारे मंद असायला हवे होते. पण कडेचे तारेही जवळजवळ आतल्यांच्याच वेगानं पळत होते. एवढ्या वेगानं ते भिरकावून जायला हवे होते, पण जात नव्हते. म्हणजे त्यांना धरून ठेवणारं, न दिसणारं बरंच काही तिथं आहे. फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञानं १९३३ सालीच अशी शंका मांडली होती, पण ती मागं पडली. रुबिनबाईंनी एकामागून एक तारकाविश्वं मोजली, सगळीकडं तेच निघालं. मग मात्र ते नाकारणं अवघड झालं.

आता डार्क एनर्जी, म्हणजे कृष्णऊर्जा. विश्व पसरतंय हे जवळजवळ शंभर वर्षांपासून माहीत आहे. सगळ्यांना वाटायचं, वर फेकलेला चेंडू जसा हळू होत जातो तसं हे पसरणंही हळूहळू मंद होत असणार. १९९८ साली दोन गटांनी लांबच्या स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचा उजेड मोजला. बल्ब शंभरचा आहे हे माहीत असेल, तर तो किती मिणमिणता दिसतो यावरून तो किती लांब आहे ते कळतं, तशीच ही रीत. ते तारे अपेक्षेपेक्षा मिणमिणते, म्हणजे जास्त लांब निघाले. पसरणं मंद होत नव्हतं, उलट वाढत होतं. ढकलणारं काहीतरी आहे, त्याचं नाव कृष्णऊर्जा ठेवलं. २०११ सालचं नोबेल त्या कामाला मिळालं.

आता हिशोब करा. सगळं विश्व म्हणजे १०० रुपये धरले, तर तुम्ही, मी, डोंगर, समुद्र, सूर्य, तारे आणि ताऱ्यांमधला वायू मिळून साधारण ५ रुपये. कृष्णद्रव्य २७ रुपये. कृष्णऊर्जा ६८ रुपये.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा दुसरा भाग. ही दोन न दिसणारी एकमेकांशी काही देवाणघेवाण करतात का? हे समजायला मी तुम्हाला माझ्या माहेरी नेते.

साल २००३. मोठा दुष्काळ. मी आठवीत होते. आमची विहीर सात परस खोल, तळाला जाऊन टेकलेली. आबांनी पाणाड्या आणला. त्यानं तळहातावर नारळ आडवा धरला, रानातून फिरला, एका जागी नारळ उभा राहिला. "इथं मार, दोन इंच पाणी." बोअर मारली, धुरळा निघाला. पुन्हा बोलावला, दुसरी जागा दाखवली. पुन्हा धुरळा. आईच्या पाटल्या गेल्या. पाणाड्या काय म्हणाला असेल? "पाणी हुतं. तुमच्या घरात शिवाशिव झाली, म्हणून सरकलं." घरात बायका दोनच, आई आणि मी. आजी महिनाभर आमच्याशी नीट बोलली नाही. बायांनो, जमिनीत पाणी नाही याचा दोष माझ्या आईच्या अंगावर आला.

त्याच उन्हाळ्यात आमचं आणि चुलत्यांचं भांडण पेटलं. त्यांची विहीर आमच्यापासून बांधापलीकडं. आबा म्हणायचे, तुमची मोटर आमचं पाणी ओढते. तात्या म्हणायचे, काहीतरीच काय, तुमचं पाणी उन्हानं आटतंय. प्रकरण काठ्यांवर आलं. जमिनीच्या पोटात, खडकाच्या भेगांतून एका विहिरीचं पाणी दुसरीला पाझरतं का, हे बघणार कोण? तिथं कुणाला शिरता येतं?

आईनं एक दोर घेतला. वीतवीतभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. पहाटे आणि संध्याकाळी आमच्या विहिरीत सोडायची, किती गाठी भिजल्या ते मोजायची, आणि गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायची. तिची शाळा दुसरीपर्यंत. पण तिनं हुशारी अशी केली की, आपली मोटर चार दिवस बंद ठेवायला लावली. त्यातले दोन दिवस तात्यांची चालू होती, दोन दिवस त्यांच्याकडं लाईट नव्हती. ऊन चारही दिवस तेवढंच. तात्यांची मोटर चालली त्या दिवशी आमची विहीर तीन-तीन गाठी उतरली. नाही चालली त्या दिवशी अर्धी गाठ. ती अर्धी गाठ उन्हाची. बाकीची अडीच पाझराची.

तिनं आणखी एक केलं, जे मला मोठी झाल्यावर समजलं. खालच्या अंगाला आणखी एकांची विहीर होती. त्यांच्याशी आमचं जुनं वाकडं. सगळं घर म्हणायचं, खरे चोर तेच. आईलाही तसंच वाटायचं. पण तिनं त्यांच्या मोटरचे दिवसही भिंतीवर मांडले. त्यांची मोटर चालो न चालो, आमच्या विहिरीला काही फरक पडत नव्हता. आई आबांना म्हणाली, "त्यांचा काय संबंध न्हाई. दोर सांगतोय." आवडणारं उत्तर नव्हतं, तरी तिनं ते सांगितलं. पुढं तात्यांना भिंत दाखवली. तात्या तासभर त्या रेघांकडं बघत बसले. मग एक दिवसाआड मोटरची पाळी ठरली. ती पाळी अजून चालू आहे.

मैत्रिणींनो, शास्त्रज्ञ करतायत ते हेच. कृष्णद्रव्य ही एक विहीर, कृष्णऊर्जा ही दुसरी. मधे पाझर आहे का, हा प्रश्न.

आधी पाझर नसेल तर काय व्हायला हवं ते बघू. किलोभर तांदूळ एका डब्यात आहेत. डबा लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून दुप्पट केला तर तो आठपट मोठा झाला. तांदूळ तेवढेच, म्हणजे दाटी आठवा हिस्सा झाली. कृष्णद्रव्याचं असंच आहे. विश्व पसरतं तसं ते विरळ होत जातं. कृष्णऊर्जा मात्र, आजवरच्या सगळ्यात साध्या समजुतीप्रमाणे, जागेचाच गुण आहे. जागा वाढली की तिच्याबरोबर तीही तेवढीच येते, विरळ होत नाही.

आता गंमत बघा. एक विरळ होत जाणारं, दुसरं जसंच्या तसं. विश्व लहान होतं तेव्हा कृष्णद्रव्याची दाटी प्रचंड, कृष्णऊर्जा हिशोबातही नाही. पुढं कधीतरी कृष्णद्रव्य नगण्य होईल. पण आज, आपण हिशोब मांडतोय नेमक्या त्या वेळी, एक २७ आणि एक ६८, अशी हाताच्या अंतरावर कशी? योगायोग असेल. पण दोन सावकारांच्या वह्यांत जवळजवळ सारखे आकडे दिसले, तर आपण विचारतोच, ह्यांचं आपसांत काही आहे का? म्हणून हा प्रश्न निघाला. २००० साली लुका अमेंडोला या शास्त्रज्ञानं असा संबंध गणितात मांडला, आणि तेव्हापासून जगभर कित्येकांनी त्यावर काम केलं.

पाझर असेल तर खूण काय? कृष्णद्रव्य थोडं थोडं कृष्णऊर्जेत जात असेल, तर डबा आठपट झाल्यावर दाटी आठव्या हिश्शापेक्षा किंचित कमी निघेल. उलट दिशेनं असेल तर किंचित जास्त. त्यानं विश्वाच्या पसरण्याची चाल बदलेल, आणि तारकाविश्वांचे थवे जमण्याची चालसुद्धा बदलेल, कारण थवे जमवणारं कृष्णद्रव्यच आहे. म्हणजे दोन्ही दिसत नसली तरी त्यांच्यातला पाझर दिसणाऱ्या गोष्टींवर रेघ उमटवणारच.

आणि आभाळात आईसारखा गाठींचा दोर आहे. विश्व अगदी तान्हं, तप्त होतं तेव्हा त्यात आवाजाच्या लाटा उठल्या होत्या. त्या विरल्या, पण जाता जाता तारकाविश्वांच्या मांडणीत एक ठरावीक अंतर ठेवून गेल्या. आजच्या मापानं सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षं. एवढ्या अंतरावर तारकाविश्वांच्या जोड्या जरा जास्त सापडतात. ही झाली गाठ. लांबचं बघणं म्हणजे जुनं बघणं. वेगवेगळ्या काळांत ही गाठ केवढी दिसते ते मोजलं की, विश्व केव्हा किती पसरलं ते कळतं.

अमेरिकेत ॲरिझोनात किट पीक नावाच्या डोंगरावर 'डेसी' नावाचं यंत्र हे काम करतंय. एका वेळी ५ हजार तारकाविश्वांचा प्रकाश ते वेगळा वेगळा घेतं. मार्च २०२५ मध्ये त्यांनी तीन वर्षांची मोजणी मांडली, जवळजवळ दीड कोटी तारकाविश्वं आणि क्वेसार. इतर मोजमापांशी जोडून पाहिल्यावर असा इशारा मिळाला की कृष्णऊर्जा कदाचित कायम सारखी नसावी, अलीकडच्या काळात ती कमजोर होत असावी.

हे ऐकल्यावर पाझराचा प्रश्न पुन्हा वर आला. काहींनी ह्याच आकड्यांतून हिशोब काढला की कृष्णद्रव्यातून कृष्णऊर्जेकडं पाझर मानला तर गणित जुळतं. दुसरे म्हणतात, पाझराची गरज नाही, कृष्णऊर्जा आपली आपणच बदलते. तिसरे म्हणतात, ताऱ्यांच्या उजेडाच्या मोजणीतच कुठं चूक असेल ती आधी शोधा. आज ह्या क्षणी उत्तर ठरलेलं नाही.

आणि ठरवायची त्यांची शिस्त बघा. असा आकडा निव्वळ योगायोगानं यायची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी कमी झाल्याशिवाय ते 'सापडलं' असं म्हणत नाहीत. डेसीचा इशारा अजून तिथवर पोचलेला नाही, आणि हे त्यांनी स्वतःच सांगितलं. आमच्या पाणाड्यानं एका नारळावर 'दोन इंच पाणी' सांगितलं होतं.

हे काम परदेशातच चालतं असं समजू नका. पुण्याला आयुका ही संस्था आहे. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. तिथल्या वरुण सहानी यांनी अर्मान शफिलू आणि अलेक्सी स्टारोबिन्स्की यांच्याबरोबर २००८ साली 'ओम' नावाची एक कसोटी मांडली. प्रत्येक काळासाठी एक आकडा काढायचा. कृष्णऊर्जा स्थिर असेल तर तो सगळीकडं सारखाच येईल. बदलला, तर साधी समजूत चुकली. आयुकातल्याच जयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली तारकाविश्वांचा एक अवाढव्य थवा शोधला, मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं लांब. त्याला 'सरस्वती' नाव दिलं. एवढा मोठा थवा एवढ्या आधी कसा जमला, हा कृष्णद्रव्याच्या ओढीचा आणि कृष्णऊर्जेच्या रेट्याचाच प्रश्न आहे.

नारळीकर सरांबद्दल एक सांगायलाच हवं. महास्फोटाची कल्पना त्यांना अखेरपर्यंत पटली नाही. बहुतेक शास्त्रज्ञ त्यांच्या विरुद्ध बाजूला. पण ते म्हणणं मांडत राहिले ते आकड्यांनी, आणि त्यांनीच उभारलेल्या संस्थेत ती कल्पना मानणारे काम करत राहिले. भांडण होतं, पण भिंतीवरच्या रेघांवरून. ह्याच सरांनी आपल्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना आणि इतरांना बरोबर घेऊन २००८ साली ज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं यांच्या कुंडल्या मिसळल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून उत्तरं पाठवली. छापा-काटा करून जेवढं बरोबर येईल, त्याच्यापेक्षा बरं काही निघालं नाही. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. नारळीकर सर २० मे २०२५ रोजी गेले. पुरावा मागायची सवय मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून त्या मुलीला मी काय सांगितलं? आधी माझी चूक कबूल केली. "जे दिसत नाही ते मानायचं नाही" हे माझं वाक्य चुकीचं होतं. वारा दिसत नाही, ताप दिसत नाही, खडकातलं पाणी दिसत नाही. न दिसण्यात काही खोट नाही. कृष्णद्रव्याचा कणही अजून कुणाच्या हाती लागलेला नाही, जगात खोल खाणींत यंत्रं लावून बसलेत तरीही. विचारायचं ते एवढंच, की तू म्हणतोस ते चुकीचं असेल तर ते कशावरून कळेल? शास्त्रज्ञ आधीच सांगतात, गाठ अमुक अंतरावर नाही निघाली तर आम्ही चुकलो. पाणाड्या कधीच चुकत नाही. पाणी लागलं तर नारळ खरा, नाही लागलं तर घरातली बाई दोषी. जिथं चूक मान्य करायची सोयच नाही, तिथं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटतंच, आणि बहुतेक वेळा ते आपल्या डोक्यावर फुटतं.

बोअर मारायची असेल तर भूजल सर्वेक्षण खात्याच्या भूवैज्ञानिकाचा सल्ला घ्या. तोही देव नाही, चुकू शकतो, पण तो कशावरून सांगतो ते तुम्हाला विचारता येतं. आणि त्याआधी स्वतःच्या विहिरीत दोर सोडा. गाठी मारा, तारीख घाला, रेघा ओढा.

चिलीमध्ये एका डोंगरावर आता व्हेरा रुबिनबाईंच्या नावानं मोठी वेधशाळा उभी आहे. जून २०२५ मध्ये तिची पहिली चित्रं जगानं पाहिली. पुढची दहा वर्षं ती आभाळ मोजत राहील. पाझर आहे की नाही, ते बहुधा आपल्या मुली मोठ्या होईपर्यंत कळेल. नाही म्हणून कळलं तरी ते कळणंच आहे. आईला खालच्या विहिरीचं कळलं होतं तसं.

त्या मुलीच्या घरी रविवारी पाणाड्या येऊन गेला, त्यानं जागा दाखवलीय. बोअरचं अजून ठरलेलं नाही. सोमवारी ती शाळेत आली तेव्हा तिच्या दप्तरात सुतळीचा एक तोडा होता. मला विचारत होती, "बाई, गाठी वीतभर अंतरावर घालू की हातभर?"

वीतभर घाल म्हटलं. बारीक फरक कळतो.